विष्णुपंत छत्रे

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे (जन्म : १८४०च्या सुमारास, अंकलखोप, सांगली जिल्हा, मृत्यू : १९०५) हे भारतीय सर्कशीचे संस्थापक, नामवंत चाबूकस्वार आणि ग्वाल्हेर गायकीचे शागीर्द होते. त्यांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस' या कंपनीचा पहिला खेळ २० मार्च १८८० रोजी झाला. भारतीय मालकाने, भारतीय कसरतपटूंना हाताशी धरून उभी केलेली ही पहिली सर्कस होय. म्हणून हाच दिवस भारतीय सर्कशीचा आरंभदिन मानला जातो. पुढे मलबारमधील तलश्शेरी येथे जी सर्कस-शिक्षणाची परंपरा उभी राहिली, तिच्या मुळाशीही छत्रे यांचीच प्रेरणा होती.

जन्म व पार्श्वभूमी

विष्णुपंतांचा जन्म कृष्णाकाठच्या अंकलखोप या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असून औदुंबर हे प्रसिद्ध दत्तस्थान त्याच्या लगतच आहे. त्यांच्या बालपणी हा सारा टापू पटवर्धन सरदारांच्या लहानमोठ्या संस्थानांनी व्यापलेला होता. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी ही संस्थाने आकाराने बेताचीच, पण गाणे, नाटक, कुस्ती आणि घोडा यांचा शौक त्यांना उदंड होता. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले ते सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयाने. मराठी नाटक आणि भारतीय सर्कस या दोन्ही करमणुकींचा उगम कृष्णेच्या एकाच खोऱ्यात, अवघ्या काही कोसांच्या अंतरात व्हावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. पेशवाई बुडाल्यावर लढायांचे काम उरले नव्हते. पागा, तालीमखाने आणि आश्रित कलावंत मात्र उरले होते.

घरातील वळण ब्राह्मण कुटुंबाचे, म्हणजे लेखणीचे किंवा पौरोहित्याचे. विष्णुपंतांचा ओढा मात्र लहानपणापासून घोड्यांकडे व गाण्याकडे होता. तरुणपणीच घर सोडून ते ग्वाल्हेरला गेले.

ग्वाल्हेर

ग्वाल्हेरला जाण्यामागे त्यांचा पहिला हेतू गाणे शिकण्याचा होता. शिंदे सरकारच्या आश्रयाला असलेले हद्दू खाँ हे त्या काळी ख्यालगायकीतील सर्वश्रेष्ठ नाव होते. त्यांची तालीम मिळविण्यासाठी दक्षिणेतून अनेक ब्राह्मण तरुण पायपीट करीत उत्तरेला जात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी हीच गायकी पुढे महाराष्ट्रात आणली, हे सर्वश्रुत आहे. विष्णुपंतांनी हद्दू खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. उस्तादांचे पुत्र रहिमत खाँ यांच्याशी त्यांचा स्नेह जडला तो येथेच.

ग्वाल्हेर ही गाण्याप्रमाणेच घोड्यांचीही राजधानी होती. तेथे बाबासाहेब आपटे यांच्याकडे विष्णुपंतांनी अश्वविद्येचे धडे घेतले. चाबूकस्वार या शब्दाने आजच्या वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे. चाबूकस्वार म्हणजे घोड्याला मारणारा नव्हे, तर त्याला शिकवणारा. अडेल किंवा बुजरा घोडा माणसाळवणे, त्याला चाली शिकवणे, लगाम न ओढता केवळ मांडीच्या दाबाने आणि आवाजाने तो वळेल असे वळण त्याला लावणे, हे त्याचे काम. हातातला चाबूक बहुधा इशाऱ्यासाठीच असे. ही विद्या पोथीत नसते. गुरूच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे घोड्यावर बसूनच ती अंगी येते. गाण्याची तालीम आणि घोड्याची तालीम यांत या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्हीकडे पाठ गिरवणे, पुन्हापुन्हा चुकणे आणि लयीचे भान येणे हीच वाट असते.

विष्णुपंत गवई म्हणून नव्हे, तर अश्वशिक्षक म्हणून दक्षिणेत परतले. गाणे मात्र त्यांनी जन्मभर सोडले नाही.

कुरुंदवाड

परतल्यावर त्यांना कुरुंदवाडच्या पटवर्धन अधिपतींचा आश्रय मिळाला. कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगा संगमाजवळ, नरसोबाच्या वाडीच्या पलीकडे वसलेले छोटे संस्थान आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्मही १८७२ साली येथेच झाला. सर्कशीच्या इतिहासावरील अनेक इंग्रजी लेखांत छत्रे हे 'कुर्डुवाडीच्या राजा'च्या पदरी होते असे छापलेले आढळते. कुर्डुवाडी हे सोलापूर जिल्ह्यातील रेल्वे जंक्शन असून तेथे कधीही संस्थान नव्हते. नामसादृश्यामुळे झालेली ही चूक एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत गेली आहे. विद्यार्थ्यांनी ती उचलू नये म्हणून येथे मुद्दाम नोंदवली आहे.

कियारिनीची सर्कस

१८७९ साली ज्युसेप्पे कियारिनी (मराठी लेखनात बहुधा 'चिआरिनी') यांची 'रॉयल इटालियन सर्कस' मुंबईत आली. कियारिनी हे इटलीतील जुन्या सर्कस-घराण्यातील अश्वशिक्षक. आपला तंबू आगबोटीतून देशोदेशी नेणारे ते त्या काळचे सर्वांत मोठे फिरस्ते सर्कसचालक होते. मेक्सिकोपासून जपानपर्यंत त्यांचे खेळ झाले. कुरुंदवाडचे अधिपती हा खेळ पाहण्यास मुंबईस गेले, तेव्हा विष्णुपंत त्यांच्यासोबत होते.

रिंगणात विष्णुपंतांनी जे पाहिले ते त्यांना अगदीच परके वाटले असेल असे नाही. आधुनिक सर्कशीचा पायाच मुळी घोडा आहे. फिलिप अ‍ॅस्टली या घोडदळातील माजी सैनिकाने १७६८ साली लंडनमध्ये वर्तुळाकार रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. घोडा सरळ धावताना त्याच्या पाठीवर उभे राहणे कठीण. पण तो ठराविक वर्तुळात एकाच गतीने धावू लागला की स्वाराला आतल्या बाजूस किंचित झुकून तोल साधता येतो. त्यासाठी ४२ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर व्यासाचे रिंगण सर्वांत सोयीचे ठरते, हे अनुभवाने सिद्ध झाले आणि जगभर तेच माप रूढ झाले. घोड्याला दोरीच्या टोकाशी गोल फिरवून चाली शिकवण्याची पद्धत आपल्याकडील चाबूकस्वारांनाही ठाऊक होती. अ‍ॅस्टली आणि छत्रे यांच्यात शंभर वर्षांचे अंतर असले, तरी दोघेही सर्कशीत आले ते घोड्याच्या पाठीवरूनच.

यानंतरचा प्रसंग आख्यायिकेच्या स्वरूपात सांगितला जातो. खेळानंतर झालेल्या भेटीत भारतीयांची स्वतःची सर्कस का नाही असा विषय निघाला आणि हिंदुस्थान अजून त्यासाठी तयार झालेला नाही, असे मत कियारिनी यांनी व्यक्त केले. विष्णुपंतांना ते झोंबले. काही महिन्यांतच आपण सर्कस उभी करून दाखवू असे आव्हान त्यांनी तेथेच स्वीकारले. पैज किती रकमेची आणि मुदत किती महिन्यांची याविषयी सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो. मूळ गोष्टीला त्यामुळे बाधा येत नाही.

हा प्रसंग ज्या काळात घडला तो काळ लक्षात घेतल्यास त्याचा दाह समजतो. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. त्याच पार्श्वभूमीवर रायगड जिल्ह्यातील (तेव्हाचा कुलाबा) शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी सशस्त्र उठाव केला आणि जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. १८८०च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. आपल्या लोकांना अमुक एक गोष्ट जमणार नाही, हे गोऱ्या माणसाचे मत खोटे पाडण्याची ईर्ष्या त्या पिढीत शिक्षणापासून नाटकापर्यंत सर्वत्र दिसते. विष्णुपंतांनी ती रिंगणात उतरवली, इतकेच.

कंपनीची उभारणी

आव्हान स्वीकारणे सोपे होते. ते पार पाडण्यासाठी माणसे शिकवणे भाग होते. विष्णुपंतांच्या कार्याचा हाच भाग सर्वांत महत्त्वाचा असूनही बहुतेक चरित्रलेखांत तो चार ओळींत आटोपला जातो.

कसरतीचे कौशल्य महाराष्ट्राला नवे नव्हते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला शास्त्रशुद्ध रूप दिले होते आणि पुढे त्यांच्या शिष्यपरंपरेने तो ठिकठिकाणच्या आखाड्यांत नेला. डोंबारी आणि कोल्हाटी गावोगाव दोरीवर चालत, बांबूच्या टोकावर अंग तोलत. दरवेशी अस्वले नाचवीत, मदारी माकडांचे खेळ करीत. परंतु या साऱ्या कला सुट्या होत्या आणि जातीजातींत वाटल्या गेल्या होत्या. आखाड्यातला मल्ल पैशासाठी खेळ करणे कमीपणाचे मानी. डोंबाऱ्याला वाड्याच्या आत प्रवेश नसे. सर्कस म्हणजे या सर्वांना एका रिंगणात, एका वेळापत्रकात आणि एका मालकाच्या शिस्तीत आणणे. ही कल्पनाच तोवर येथे कोणी केली नव्हती.

काही गोष्टी मात्र अगदीच नव्या होत्या. झुल्यावरचे खेळ (ट्रॅपीझ) ही फ्रेंच कसरतपटू ज्यूल लेओतार यांची १८५९ सालची निर्मिती. विष्णुपंतांनी ती पाहिली तेव्हा तिला अवघी वीस वर्षे झाली होती. मल्लखांबावर पकड खांबाची असते आणि खांब स्थिर असतो. झुला हलता असतो; तो ज्या क्षणी उंचीच्या टोकाला जाऊन निमिषभर थबकतो त्याच क्षणी हात सोडावा लागतो. आधी सोडला तरी चूक, नंतर सोडला तरी चूक. वर्षानुवर्षे तालीम केलेल्या मल्लखांबपटूला ताकद शिकवावी लागत नाही, पण ही वेळ साधणे नव्याने शिकवावे लागते. पाठीवर उभ्या राहणाऱ्या स्वाराचेही तसेच. त्याचा तोल घोड्याच्या चालीवर अवलंबून, म्हणून आधी घोडा शिकवायचा, मग माणूस आणि शेवटी दोघांना एकत्र आणायचे. हे सर्व काम थोड्या महिन्यांत उरकायचे होते.

घोड्यांचे मुख्य काम विष्णुपंतांनी स्वतःकडे ठेवले. झुल्यावर आणि प्राण्यांच्या शिक्षणात त्यांच्या पत्नीने भाग घेतला. या एका गोष्टीचे महत्त्व सहज नजरेतून सुटते. १८८० साली मराठी रंगभूमीवर शकुंतलेची भूमिकाही पुरुषच करीत. घरंदाज स्त्रीने परपुरुषांच्या गर्दीपुढे नुसते उभे राहणे निंद्य समजले जात असता एका ब्राह्मण घरातील स्त्री तंबूच्या उंचीवर लोंबकळणाऱ्या झुल्यावर कसरती करत होती. भारतीय सर्कशीच्या पहिल्या दिवसापासून तिच्यात स्त्री कलावंत आहे. नाटकाला तेवढे धैर्य दाखवण्यास आणखी काही दशके लागली. विष्णुपंतांच्या धाडसाचे कौतुक करताना त्यांच्या पत्नीचा उल्लेख ओझरता केला जातो, हे न्यायाचे नाही. बोलणी खाण्याचा आणि हातपाय मोडण्याचा, असे दोन्ही धोके तिने पत्करले होते.

पहिला खेळ

२० मार्च १८८० रोजी निवडक निमंत्रितांसमोर 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ झाला. अश्वारोहणाचे मुख्य खेळ स्वतः विष्णुपंतांनी केले. निमंत्रितांपुढे होणारा असा खेळ म्हणजे खऱ्या अर्थाने परीक्षाच असते. सराव करताना चूक झाली तर पुन्हा करता येते, रिंगणात ती सोय नसते. महिन्यांच्या शिक्षणाचा निकाल तेथे दोन-तीन तासांत लागतो, आणि तो लागतो सर्वांच्या देखत. विष्णुपंतांची मंडळी या परीक्षेत उतरली. कियारिनी यांच्याकडील काही सामानही नंतर छत्रे यांनी विकत घेतले असे सांगितले जाते.

दौरे

पहिल्या यशानंतर कंपनीने उत्तर हिंदुस्थानाचा दौरा केला, नंतर मद्रास गाठले, आणि तेथून सिलोन व आग्नेय आशियाच्या बंदरांपर्यंत ती गेली. या प्रवासाला रेल्वे आणि आगबोट यांची मोठीच मदत झाली. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली होती आणि १८७० पर्यंत मुंबई व कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली होती. घोडे, पिंजरे, तंबूचे खांब आणि शेकडो हात कापड घेऊन फिरणाऱ्या कंपनीला बैलगाडीचा रस्ता परवडण्यासारखा नव्हता. सर्कशीचा नकाशा म्हणूनच रेल्वेच्या नकाशावरून काढता येतो. धरमतरच्या खाडीपर्यंत आगबोटीने आणि पुढे बैलगाडीने जाव्या लागणाऱ्या पेण-रोह्याच्या बाजूला असा लवाजमा नेणे किती जिकिरीचे होते, हे सांगावयास नको. पनवेलच्या पुढे रोह्यापर्यंत आगगाडी आली ती १९८०च्या दशकात.

छत्रे यांनी आपली कंपनी अमेरिकेपर्यंतही नेली, परंतु तेथे तिचा निभाव लागला नाही. १८८१ साली बार्नम आणि बेली यांच्या कंपन्या एकत्र येऊन एकाच तंबूत तीन रिंगणांचे खेळ करू लागल्या होत्या. त्यांचे हत्ती, त्यांचे भांडवल आणि त्यांच्या जाहिराती यांच्यापुढे एका रिंगणाची हिंदी कंपनी टिकणे अशक्यच होते. विष्णुपंतांनी हे ओळखले आणि ते परतले. पुढील काळात त्यांनी हिंदुस्थान आणि शेजारचे देश एवढ्यावरच लक्ष दिले. हा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच ठरला.

त्यांच्या यशाने इतरांनाही वाट सापडली. बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांनी १८८७ साली 'ग्रेट बेंगाल सर्कस' काढली. खुद्द सांगली-मिरजेच्या परिसरात तर सर्कशींचे पीकच आले. कार्लेकरांची ग्रँड सर्कस, म्हैसाळच्या देवलांची सर्कस आणि तासगावच्या परशुराम माळी यांची लायन सर्कस ही त्यांतील ठळक नावे. शेतीवाडीच्या या भागातील अनेक घरांतील मुले एके काळी पोट भरण्यासाठी मुंबईच्या गिरण्यांऐवजी सर्कशीच्या तंबूकडे वळली.

तलश्शेरी आणि सर्कशीचे शिक्षण

दक्षिणेच्या एका दौऱ्यात, १८८७-८८च्या सुमारास, कंपनीचा तंबू मलबार किनाऱ्यावरील तलश्शेरी येथे पडला. तेथे छत्रे यांची गाठ कीलेरी कुन्हिकण्णन या शिक्षकाशी पडली. कुन्हिकण्णन हे बासेल मिशनच्या शाळेत व्यायाम शिकवीत आणि कळरीपयट्टू या केरळी युद्धकलेत पारंगत होते. कळरीत तयार झालेल्या मुलांच्या शरीराची लवचीकता व चपळाई पाहून छत्रे प्रभावित झाले. कुन्हिकण्णन यांनी आपल्या मुलांना सर्कशीसाठी तयार करावे, असे उभयतांत ठरले.

ही भेट भारतीय सर्कशीच्या इतिहासाला कलाटणी देणारी ठरली. तोवर सर्कशीत शिरणारा मुलगा कंपनीतच वाढे, मोठ्यांचे पाहून शिके आणि पडत-झडत तयार होई. कुन्हिकण्णन यांनी १९०१ साली तलश्शेरीजवळ चिरक्करा येथे सर्कशीचे स्वतंत्र विद्यालय सुरू केले. कसरतपटूला आधी शिकवून पूर्ण तयार करायचे आणि मगच रिंगणात उतरवायचे, ही पद्धत भारतात येथून रूढ झाली. तेथे शिक्षण पुरे झाल्याची खूण एखाद्या कागदावर मिळत नसे. एखाद्या कंपनीच्या रिंगणात पहिल्यांदा उभे राहणे आणि खेळ न चुकवता करणे हीच ती खूण होती. विद्यार्थ्यांत गरीब व तथाकथित खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलांचा भरणा मोठा होता. त्यांच्यासाठी हे विद्यालय म्हणजे कौशल्याच्या बळावर गावाबाहेर, किंबहुना देशाबाहेर पडण्याचा मार्ग ठरले.

कुन्हिकण्णन यांचे शिष्य परियाली कण्णन यांनी १९०४ साली 'मलबार ग्रँड सर्कस' काढली. ती केरळची पहिली सर्कस. दोरीवरील कसरतींनी युरोप-अमेरिकेत नाव मिळवणारे कण्णन बोंबायो हेही याच परंपरेतले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत देशातील बहुतेक मोठ्या सर्कशींतील कलावंत, आणि पुष्कळदा मालकही, तलश्शेरी परिसरातील असत. म्हणजे बीज मराठी, पण झाड वाढले ते मलबारच्या मातीत. असे का झाले, याचे उत्तर शोधताना शाळा असणे आणि नसणे हा फरक डोळ्यांपुढे येतो. कृष्णाकाठी कंपन्या पुष्कळ निघाल्या, मालकही जिद्दीचे निघाले, पण चिरक्कऱ्यासारखे पिढ्या घडवणारे विद्यालय तेथे उभे राहिले नाही. मराठी कसरतपटू घरातून किंवा नात्यातून तयार होत राहिले. पुण्याचे दामू धोत्रे (१९०२-१९७३) हे त्याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण. मामाच्या सर्कशीत लहानपणी शिकून ते हिंस्र प्राण्यांचे जगप्रसिद्ध शिक्षक झाले आणि १९४० साली अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोहोचले.

केरळ शासनाने २०१० साली तलश्शेरी येथे सर्कस अकादमी सुरू केली. विद्यार्थ्यांअभावी ती फार काळ चालू शकली नाही. त्याआधी आणि नंतर सर्कशीचे स्वरूपही पार बदलले. वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि बिबट्या यांचे खेळ करण्यावरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली उचलून धरली, आणि २०११ साली बालकांना सर्कशीत कामाला ठेवण्यास मनाई केली. दोन्ही निर्णय माणुसकीला धरूनच होते. मात्र सहा-सात वर्षांच्या मुलाला तंबूत आणून घडवण्याची जुनी रीत त्यामुळे संपली, आणि तिची जागा घेणारी रीतसर शिक्षणसंस्था देशात मोठ्या प्रमाणावर उभी राहिली नाही.

अखेरचा काळ

विष्णुपंतांचे १९०५ साली निधन झाले. कंपनीचा कारभार त्यांचे बंधू काशिनाथपंत छत्रे यांनी पाहिला. पुढे 'ग्रेट इंडियन सर्कस' कार्लेकरांच्या ग्रँड सर्कशीत विलीन झाली.

रहिमत खाँ यांचा सांभाळ

विष्णुपंतांच्या चरित्राचा एक भाग सर्कशीच्या इतिहासात येत नाही, तो संगीताच्या इतिहासात येतो. हद्दू खाँ १८७५ साली निवर्तले. त्यानंतर रहिमत खाँ यांच्या आयुष्याची घडी पूर्ण विस्कटली. अफूच्या व्यसनाने आणि मनाच्या अस्थिरतेने ग्रासलेल्या अवस्थेत ते भटकत बनारसला पोहोचले. सर्कशीच्या दौऱ्यानिमित्त तेथे गेलेल्या विष्णुपंतांच्या दृष्टीस ते पडले. गुरुपुत्राची ती दशा पाहून विष्णुपंतांनी त्यांना आपल्यासोबत घेतले आणि जन्मभर सांभाळले.

यानंतर सर्कशीच्या मुक्कामी रहिमत खाँ यांच्या मैफली होऊ लागल्या. दिवसा ज्या गावात घोडे आणि झुले पाहण्यास गर्दी लोटे, त्याच गावात रात्री जाणकार मंडळी खाँसाहेबांचे गाणे ऐकण्यास जमत. 'भूगंधर्व' ही पदवी लाभलेल्या या गवयाला स्वतःच्या खाण्यापिण्याचेही भान नसे. त्यांना वेळेवर जेवू घालणे, कपडे घालणे आणि गाण्याला बसवणे हे सारे छत्रे बंधूंनाच करावे लागे. अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीवर रहिमत खाँ यांच्या आवाजाच्या लगावाचा मोठा प्रभाव पडला असे संगीताचे अभ्यासक मानतात. हा प्रभाव पडू शकला, याचे श्रेय छत्रे यांनाही द्यावे लागते.

विष्णुपंतांच्या पश्चात काशिनाथपंतांनी ही जबाबदारी तितक्याच निष्ठेने चालू ठेवली. रहिमत खाँ यांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका त्यांच्या उतारवयात निघाल्या आणि त्या आजही ऐकावयास मिळतात. १९२२ साली रहिमत खाँ यांचे निधन कुरुंदवाड येथे झाले.